किल्ली कुणाकडे आहे?

मुलगा दुसरीत होता. वर्गातल्या मित्राकडे पहिल्यांदाच एकटा खेळायला जाणार होता, म्हणून मी त्या मित्राच्या आईला फोन केला. कुत्र्याला घाबरतो, तिखट खात नाही, पोहता येत नाही तेव्हा मागच्या तलावाचं फाटक लावलेलं असू द्या, हे सगळं भराभर सांगून झालं. मग ज्या प्रश्नासाठी फोन केला होता तो विचारला. "तुमच्या घरात बंदूक आहे का? असेल तर कुलपात असते ना?"

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, तीन आहेत. नवऱ्याच्या शिकारीच्या दोन रायफली आणि एक पिस्तूल. तिन्ही गॅरेजमधल्या पोलादी कपाटात, गोळ्या वेगळ्या पेटीत, कपाटाच्या कुलपाचे आकडे फक्त नवरा-बायकोला माहीत. आणि म्हणाली, मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, बरं झालं विचारलंस.

आम्ही अकरा वर्षं डॅलसच्या उपनगरात राहतो. टेक्सासमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेक माणसांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आईबापांना सांगते की मूल दुसऱ्याकडे खेळायला पाठवण्याआधी बंदुकीचं विचारा. तरी आपल्या लोकांना हा प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. समोरच्याला काय वाटेल, आपण परके, त्यांच्या घरात कशाला नाक खुपसा. मला तो संकोच कळतो, कारण पहिल्या वेळी माझाही घसा कोरडा पडला होता. पण २०२० साली अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांमध्ये बंदुकीनं मोटार अपघातांना मागं टाकलं आणि ती पहिल्या क्रमांकावर गेली. त्यात खून सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल आत्महत्या. खेळता खेळता सुटलेली गोळी हा त्यातला लहान वाटा. पण या वाट्यात, आणि पुष्कळ आत्महत्यांतही, घरातली मोठी माणसं एका कुलपानं मरण थोपवू शकतात, म्हणून मी त्याबद्दल लिहिते आहे.

या विषयावरची चर्चा इथं नेहमी एकाच प्रश्नापाशी सुरू होते. कितव्या वर्षी मुलाच्या हातात बंदूक द्यावी? पाचव्या? आठव्या? बाराव्या? माझ्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते.

२५ ऑगस्ट २०१४ ची घटना पाहा. न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेलं एक कुटुंब ॲरिझोनातल्या वाळवंटात, लास वेगासपासून फार दूर नसलेल्या एका शूटिंग रेंजवर गेलं. पर्यटकांना तिथं लष्करी बंदुका चालवायला मिळायच्या, आणि मोठ्यांच्या देखरेखीत आठ वर्षांच्या मुलालाही परवानगी होती. या मुलीचं वय नऊ. म्हणजे नियमात बसत होती. शेजारी प्रशिक्षक, मागं आईवडील, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, समोर लक्ष्य. तिनं उझी सबमशीनगननं एक गोळी मारली, ती नीट गेली. मग प्रशिक्षकानं बंदूक स्वयंचलित स्थितीत टाकली, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. तिनं चाप ओढला, धक्क्यानं नळी वर आणि डावीकडं उचलली गेली, आणि डावीकडं उभा होता तो प्रशिक्षक. त्याच्या डोक्यात गोळी लागली. पुढे त्याच्याच मुलांनी त्या मुलीसाठी निरोप ध्वनिचित्रमुद्रित केला की आम्ही तुला दोष देत नाही. त्या निरोपाचा विचार मी अनेकदा करते. बाप गमावलेल्या पोरांना कळलं की चूक नऊ वर्षांच्या हातांची नव्हती.

त्याआधी सहा वर्षं, ऑक्टोबर २००८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्ड इथं बंदुकांच्या एका मेळाव्यात आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मायक्रो उझी दिली गेली होती. ती मिनिटाला हजारावर गोळ्या झाडते. इथंही नळी वर उचलली गेली आणि गोळी त्याच्याच डोक्यात गेली. वडील काही फुटांवर उभे राहून त्याचं चित्रण करत होते. ते स्वतः आपत्कालीन विभागातले डॉक्टर होते.

दोन्ही ठिकाणी मोठ्यांची देखरेख होती. नव्हतं ते एवढंच, की कुणीतरी म्हणावं, हे शस्त्र या मनगटांना पेलणारं नाही, आज नाही. आठ वर्षांचं मूल आईबाप दाखवतील त्या गोष्टीला हो म्हणतं. नाही म्हणायचं काम मोठ्यांचं होतं.

मी बंदूकविरोधी घरातून आलेली नाही, हे इथं सांगायला हवं. माझं शिक्षण कोल्हापुरात झालं आणि नववीत मी एनसीसीत होते. या जिल्ह्यानं देशाला नेमबाज दिले. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आमची. २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत आमची. २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तेजस्विनी आणि राही दोघींच्या हातात बंदूक पहिल्यांदा आली ती एनसीसीत. तेव्हा शाळकरी पोरांनी शस्त्राला हात लावूच नये, असं मी म्हणत नाही. कसा लावायचा हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या हातात पॉइंट टू-टूची रायफल यायच्या आधी कित्येक परेड नुसत्या शिकण्यात गेल्या. नळी कुठं, बोल्ट कुठं, चाप कुठं, बोट कुठं ठेवायचं आणि कुठं ठेवायचंच नाही. रायफली कोतात असायच्या, म्हणजे शस्त्रागारात. त्या बाहेर काढताना नोंद, आत ठेवताना नोंद, आणि किल्ली उस्तादांकडे, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांकडे. फायरिंगच्या दिवशी पहाटे ट्रकनं रेंजवर नेलं. लाल झेंडा लागला. एका वेळी काहीजणीच ओळीत पालथ्या झोपायच्या, बाकीच्या लांब, पाठमोऱ्या बसलेल्या. प्रत्येकीला पाच राउंड, म्हणजे गोळ्या. हुकूम मिळाल्याशिवाय राउंड भरायचा नाही, हुकूम झाला की भरायचा, दुसरा हुकूम झाला की झाडायचा. झाडून झालं की बोल्ट उघडायचा, आणि उस्ताद प्रत्येकीच्या रायफलीत स्वतः वाकून बघायचे. शेवटी खोखी मोजायची, म्हणजे रिकामी काडतुसं. पाच दिली तर पाच परत.

त्या दिवशी एक खोखं कमी भरलं. शंभरावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि एक छोटीशी पितळी नळी गवतात कुठंतरी उडाली होती. आम्ही साऱ्याजणी गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होतो. भूक लागली होती, ऊन चढलं होतं, एकजण रडायला लागली. उस्ताद म्हणाले, मिळेपर्यंत कुणी हलायचं नाही. तासाभरानं एका चटईच्या दुमडलेल्या कडेत ते सापडलं. मला तेव्हा वाटलं, रिकाम्या टोपणासाठी केवढा हा छळ. आज वाटतं, मला बंदुकीबद्दल जे काही खरं कळलं ते त्या तासाभरात. रिकामं खोखंसुद्धा हिशेबाबाहेर जाऊ द्यायचं नाही असं मानणारी माणसं होती, म्हणून चौदा वर्षांच्या पोरींच्या हातात भरलेली रायफल देता आली.

लहान मुलांना बंदुकीची सुरक्षितता शिकवावी म्हणणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, की शिकवा, जरूर शिकवा. पण शस्त्रागार, किल्ली, नोंद, हुकूम अशी ती साखळी असते, शिकवणं हा तिच्यातला एक दुवा आहे आणि तोही सगळ्यांत कच्चा. तुम्ही मात्र साखळी काढून टाकून तो एकच दुवा मुलाच्या हातात देता.

गेल्या वर्षी इथल्याच एका मराठी घरी गणपतीच्या जेवणाला गेलो होतो. यजमानांच्या दुकानात चोरी झाली होती, त्यामुळे त्यांनी पिस्तूल घेतलं होतं. जेवणानंतर ते आतून आणलं, गोळ्या भरायचं मॅगझिन काढलं, "रिकामं आहे" म्हणाले आणि पिस्तूल हातोहात फिरू लागलं. मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागच्या घरात एक गोळी बसलेली राहू शकते, हे त्या दिवाणखान्यात किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. मी ते आधी उघडून बघायला सांगितलं. नशिबानं रिकामं होतं. तेवढ्यात मोदकांची ताटली घेऊन आलेली त्यांची सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबांच्या ड्रॉवरमध्ये असतं ते, मोज्यांखाली." सगळे हसले. तिच्या वडिलांना तोवर वाटत होतं की ते कुठं असतं हे तिला माहीतच नाही. मग म्हणाले, असू दे, हात लावायचा नाही असं बजावून ठेवलंय तिला.

हे एकाच घरातलं नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत बंदूक असलेल्या घरांतल्या आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं गेलं. आमच्या मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही असं जे आईबाप सांगत होते, त्यांच्यातल्या ३९ टक्के मुलांना ती माहीत होती. आमच्या मुलानं कधी हात लावलेला नाही असं सांगणाऱ्या २२ टक्के आईबापांना त्यांच्याच मुलांनी खोटं ठरवलं.

आणि बजावून ठेवण्याचं म्हणाल, तर त्याचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या रायफलधारकांच्या मोठ्या संघटनेनं १९८८ पासून मुलांना एका कार्टून गरुडाच्या तोंडून चार गोष्टी शिकवल्या: थांब, हात लावू नकोस, तिथून निघ, मोठ्यांना सांग. वाक्यं चांगली आहेत. माझ्या मुलालाही मी हेच सांगितलंय. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटांत एका खोलीत सोडलं, कप्प्यात खरं पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलं आणि एकतर्फी आरशामागून पाहिलं. ज्या २१ गटांना ते सापडलं त्यांतल्या १६ गटांनी हाताळलं. १० गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना बंदुकीच्या सुरक्षिततेचं काही ना काही शिक्षण आधीच मिळालेलं होतं. आपल्या मुलाला बंदुकीत रस नाही असं ज्या आईबापांनी सांगितलं होतं, त्यांची मुलंही इतरांइतकीच हात लावत होती.

याच्या उलट बाजूचा पुरावाही लपवायला नको. २०२३ मध्ये ओहायोतल्या संशोधकांनी त्याच वयाच्या २२६ मुलांना एकेक मिनिटाची चित्रफीत दाखवली, काहींना बंदुकीच्या सुरक्षिततेची, काहींना गाडीच्या. आठवडाभरानं खोलीत त्यांना पिस्तुलं सापडली. गाडीची चित्रफीत पाहिलेल्यांतल्या ६७ टक्के मुलांनी हात लावला, बंदुकीची पाहिलेल्यांतल्या ३९ टक्के मुलांनी; मोठ्यांना जाऊन सांगणारी पहिल्या गटात ११ टक्के, दुसऱ्यात ३४. एका मिनिटाच्या शिकवण्यानं एवढा फरक पडत असेल तर ते शिकवणं सोडणारी मी कोण? पण उरलेली ३९ टक्के मुलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. शंभरातली ३९. मोज्यांखालच्या पिस्तुलाच्या भरवशावर कुठला बाप हा जुगार खेळेल?

टेक्सासमधल्या शेतकरी आणि शिकारी घरांचं म्हणणं मी आदरानं ऐकते, कारण त्यात तथ्य आहे. आजोबांबरोबर नातू हरणाच्या शिकारीला जातो, नऊ वर्षांपासून शिकारीचं प्रमाणपत्र मिळू शकतं, त्या अभ्यासक्रमात नळी कुठं रोखायची इथपासून सगळं शिकवतात. त्यांचं म्हणणं असं की झाकून ठेवलेल्या गोष्टीचं कुतूहल वाढतं, उघड दाखवली की ते मरतं. मोठ्यांच्या कोपराशी बसून, एका वेळी एकच गोळी भरणारी हलकी रायफल चालवायला शिकलेलं मूल मला भीतीदायक वाटत नाही. आमची एनसीसी याहून फार वेगळी नव्हती. माझा आक्षेप शिकार संपल्यानंतर सुरू होतो. २०१३ मध्ये केंटकीत पाच वर्षांच्या मुलानं दोन वर्षांच्या बहिणीला गोळी मारली. रायफल त्याचीच, मुलांसाठी म्हणून बनवलेली, भेट मिळालेली. ती खोलीच्या कोपऱ्यात उभी असायची. आत गोळी राहिलीय हे घरात कुणाला माहीत नव्हतं. आई काही क्षणांसाठी दाराबाहेर गेली होती. त्या मुलाला बंदूक चालवायला शिकवलं गेलं होतं की नाही, यानं काय फरक पडणार होता? रायफल कोपऱ्याऐवजी कुलपात असती तर पडला असता.

किशोरवयात तर शिकवण्याचा मुद्दाच उरत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला बंदूक काय करते हे पक्कं माहीत असतं. या वयात जी मुलं बंदुकीनं जीव देतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती आलेली बंदूक घरातली असते. निकालाचा दिवस, फुटलेली मैत्री, एक वाईट रात्र. ती रात्र टळली तर पुष्कळ मुलं जगतात. त्या रात्रीपुरतं कपाट उघडू नये, एवढंच तर हवं असतं. आपल्या घरांत अभ्यासाचा ताण किती असतो हे आपण एकमेकांना सांगायची गरज नाही. मुलगा शहाणा आहे, हे उत्तर इथं चालत नाही.

कायदा हळूहळू मोठ्यांकडे वळू लागला आहे. मुलाच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणं हा गुन्हा ठरवणारा पहिला कायदा १९८९ मध्ये फ्लोरिडानं केला. टेक्सासमध्येही १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं गुन्हा आहे, पण मुलानं कुणाला मारलं किंवा जबर जखमी केलं नाही तोवर तो दंडापुरता. मिशिगनच्या ऑक्सफर्डमध्ये २०२१ साली १५ वर्षांच्या मुलानं शाळेत चौघांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी त्याच्यासाठी विकत घेतलं होतं. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ती शिक्षा मला योग्य वाटते. पण ती चार पोरं गेल्यानंतरची आहे, आणि मला कायदा त्याआधी हवा आहे. बंदूक विकताना कुलूपबंद पेटीही घ्यायलाच लावावी, आणि भरलेली बंदूक मुलांच्या आवाक्यात सापडली तर कुणाला इजा होण्याची वाट न बघता मोठ्यांना जबाबदार धरावं. २०१५ च्या एका पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतली ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती जिथं किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती.

आपल्याकडं असलं काही नाही, असं महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल. बऱ्याच अंशी ते खरं आहे. भारतात २१ वर्षांखाली शस्त्रपरवाना मिळत नाही, त्याआधी नेमबाजी शिकायची तर देखरेखीखालीच. पण परवाना बापाकडे असतो आणि घर सगळ्यांचं असतं. २०१६ मध्ये पठाणकोटला १५ वर्षांचा मुलगा वडिलांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर डोक्याला लावून सेल्फी घेताना गेला. ३१ जुलै २०२४ ला बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या पाच वर्षांच्या मुलानं दप्तरातून पिस्तूल शाळेत नेलं आणि तिसरीतल्या मुलाच्या हातावर गोळी झाडली. दसऱ्याला परवान्याचं रिव्हॉल्व्हर पाटावर येतं, त्याला हळदकुंकू वाहिलं जातं, पोरं भोवती असतात, आणि कुणीतरी हौसेनं नातवाच्या हातात देऊन फोटो काढतं. त्या फोटोत नळी कुणाकडं वळलेली असते, हे एकदा बघावं.

त्या गणपतीनंतर यजमान माझ्यावर थोडे नाराज होते. चारचौघांत शाळा घेतली असं त्यांना वाटलं असावं. मला त्याचं वाईट वाटतं, माणूस मनानं चांगला आहे. मी त्यांना बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या छोट्या पेटीची माहिती पाठवली होती, पलंगाशेजारी बसते, क्षणात उघडते. त्यांनी अंगठा दाखवून उत्तर दिलं. घेतली की नाही, मला माहीत नाही.

या शनिवारी त्यांच्या मुलीचा सातवा वाढदिवस आहे. आमच्या मुलालाही बोलावणं आलंय. आज रात्री मी फोन करणार आहे. किती वाजता सोडू, काय भेट आणू, हे आधी विचारीन. मग ड्रॉवरचं विचारीन.